वेरूळचें कोडें आणि हौशी शोधक

ऐतिहासिक रहस्यकादंबरीसाठीं कोणा लेखकाला कोवळ्या वयाचा, चौकस नायक हवा असेल, तर त्यानें त्याला वेरूळच्या सोळाव्या लेण्यांत न्यावें. तेथें खून नाहीं, चोरी नाहीं. पण कोडें खरें आहे. हा कैलास कोणी खोदविला?

पहिला धागा शेजारच्याच पंधराव्या लेण्यांत मिळतो. तेथें राष्ट्रकूट राजा दंतिदुर्ग याचा लेख आहे. उतावळा शोधक येथेंच थांबेल. परंतु शेजाऱ्याच्या दारावरील पाटीवरून घरधनी ठरत नसतो. खरा साक्षीदार दूर बडोद्यास सांपडला : शके ७३४ चा, म्हणजे इ. स. ८१२-१३ चा ताम्रपट. त्यांत एलापुरच्या डोंगरावरील शिवालयाचें वर्णन आहे. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं त्या श्लोकांचा अन्वय काळजीपूर्वक लावला आणि श्रेय दंतिदुर्गाच्या चुलत्यास, पहिल्या कृष्णराजास, दिलें.

पण राजा सांपडला म्हणून शिल्पी सांपडत नाहीं. आपल्या हातून हें कसें घडलें, याचें त्यालाच नवल वाटलें, असें ताम्रपट म्हणतो. नांव मात्र सांगत नाहीं. पुढें कित्येक शतकांनीं 'कथाकल्पतरु' पैठणच्या कोकसाचें नांव घेतो. ती आख्यायिका गोड आहे, पण ती साक्ष नव्हे.

हा कैलास डोंगराच्या माथ्यापासून खालीं कोरीत आणला. जास्त निघालेला दगड परत बसविण्याची सोय नव्हती. आमच्या छोट्या शोधकानेंही तसेंच वागावें. पुरावा जेथें संपतो, तेथें त्यानें छिन्नी खालीं ठेवावी आणि शिल्प्याच्या नांवाची जागा प्रामाणिकपणें कोरीच सोडावी.