'फणी' : एका घरगुती शब्दाची ओळख



आज आम्ही एका लहानशा वस्तूविषयी बोलणार आहोत. ती प्रत्येक घरात आरशाजवळ असते. तिचे नाव फणी. शाळेत असताना आम्ही 'फनी' म्हणालो की वर्ग हसत असे. 'पानी', 'लोनी' म्हटले तरी तेच. त्या हसण्यामुळे आमच्या बरोबरीची कितीतरी मुले उत्तर येत असूनही हात वर करीत नसत. म्हणून या शब्दाचे कूळ शोधावे असे आम्हाला वाटले.

केस विंचरायला मराठीत दोन शब्द आहेत. कंगवा हा संस्कृत 'कंकत' या शब्दाच्या घराण्यातला. फणीचे नाते फणाशी, म्हणजे नागाच्या फडीशी आहे. पसरट आकारावरून हे नाव पडले. विनयपिटकातील चुल्लवग्गाच्या पाचव्या खंधकात 'फणक' हा शब्द आला आहे. काही भिक्षू फणकाने केस चोपडे करू लागले, तेव्हा लोक म्हणू लागले की हे तर भोगी गृहस्थांसारखेच वागतात. भगवंतांनी भिक्षूंना ते वर्ज्य केले. तेथेच 'हत्थफणक' असाही शब्द आहे. त्याचा अर्थ हाताच्या बोटांचीच फणी करणे. घाईच्या वेळी आपण आजही तेच करतो! त्याच ठिकाणी 'कोच्छ' हा शब्द आहे. आपला कुंचा त्याचाच भाऊबंद. आणि फणी ज्यांच्यासाठी लागते त्या उवा-लिखासुद्धा पालीत 'ऊका' आणि 'लिक्खा' म्हणून भेटतात.

मात्र हा नियम भिक्षूंसाठी होता, गृहस्थांसाठी नव्हे. 20 जुलै 1942 रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना स्वच्छ राहण्याचा आणि मुलांना शिकविण्याचा उपदेश केला. ज्या समाजाला अस्वच्छ म्हणून दूर ठेवले गेले, त्या समाजातील आईने लेकीची वेणी घालून तिला शाळेत पाठविणे ही साधी गोष्ट नव्हती. तिच्या हातातली फणी चैनीची वस्तू नव्हती.

आता या शब्दाचा पसारा पाहा. केळीच्या घडाची एक फणी असते. विणकराच्या मागातही फणी असते. तिच्या दातांतून ताण्याचे धागे ओवलेले असतात. नागभीड, आरमोरीकडे कोसा विणला जातो, तेथे या फणीवाचून कापड होत नाही. वरोरा, राजुऱ्याकडे पेरणीची तिफण असते. तिला तीन फण, म्हणून ती तिफण. हा 'ति' आपल्या ओळखीचाच आहे. तिसरण आणि तिपिटक यांतही तोच आहे. 3 मे 2019 रोजी ओडिशात पुरीजवळ धडकलेल्या चक्रीवादळाचे नावही फणीच होते. ते नाव बांगलादेशाने सुचविले होते आणि त्याचा अर्थ नाग.

पण विद्यार्थ्यांनी एक सावधगिरी बाळगावी. फणस हा शब्द फणीपासून आलेला नाही, तो संस्कृत 'पनस' या शब्दापासून आला. नुसते कानाला सारखे वाटले म्हणून नाते जुळत नाही. तसेच सर्वच शब्द पालीचे, असाही हट्ट नको. बस्तरात मुरिया तरुण लाकडी फण्या कोरून मुलींना देत, हे व्हेरियर एल्विन यांनी 1947 च्या ग्रंथात नोंदविले आहे. इकडे भामरागड, एटापल्लीकडील माडिया बांधवांची भाषा द्राविडी कुळातली. त्यांच्या शब्दांना त्यांचे स्वतःचे घराणे आहे. त्यांच्या मुलांना हसणाऱ्यांत आपण नसावे.

मग 'फनी' चूक की बरोबर? फणी या शब्दात ण जुनाच आहे, पालीतही 'फणक' आहे. म्हणून लिहिताना फणी लिहावे. पण 'पानी' घ्या. पालीत 'पानीय' आहे, तेथे न आहे. म्हणजे झाडीतल्या माणसाचा 'पानी' मुळाला अधिक जवळचा! ज्यावर वर्ग हसला, तोच उच्चार जुना निघाला.

चुल्लवग्गाच्या त्याच खंधकात आणखी एक प्रसंग आहे. दोन भिक्षूंनी बुद्धवचन छंदात, म्हणजे वैदिक धाटणीच्या भाषेत, बसविण्याची परवानगी मागितली. भगवंतांनी नकार दिला आणि ते 'सकाय निरुत्तिया' शिकावे असे सांगितले. अट्ठकथेने याचा अर्थ भगवंतांची स्वतःची भाषा असा केला. अनेक आधुनिक अभ्यासक आपापली बोली असा करतात. आम्हाला दुसरा अर्थ पटतो, कारण ज्यांच्यासाठी धम्म होता ती माणसे बोलीतच जगत होती.

16 ऑक्टोबर 1956 रोजी याच चंद्रपुरात बाबासाहेबांनी आपल्या माणसांना धम्मदीक्षा दिली. त्या दिवशी मैदानात बसलेले बहुतेक लोक आपल्यासारखेच 'पानी' म्हणणारे होते. तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, प्रमाण मराठी जरूर शिका. परीक्षेला, नोकरीला ती लागते. पण आजीच्या तोंडचा शब्द ऐकून मान खाली घालू नका. तो वहीत लिहून ठेवा, त्याचे मूळ शोधा आणि वर्गात हात वर करा.

जयभीम! जय भारत!