सोबतीने पुरी झालेली यात्रा

काशीच्या गंगातीरावर, दशाश्वमेधाच्या दक्षिणेस आणि नारद घाटाला लागून, राजा घाट आहे. रघुनाथरावांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो पक्क्या दगडी पायऱ्यांनी बांधून काढला. त्यामुळे अमृतराव घाट या नावानेही तो ओळखला जाई. दक्षिणेकडून महिनोन्‌महिने पायी चालत आलेल्या मराठी यात्रेकरूला या पायऱ्या दिसल्या म्हणजे आपली यात्रा सफळ झाली असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु जुन्या रिवाजाप्रमाणे ती येथे संपत नसे. गंगेचे पाणी घेऊन यात्रेकरू सुखरूप घरी यावा, त्याने मावंदे घालावे, चार माणसांच्या पंक्ती उठाव्यात, तेव्हा काशीयात्रा पुरी झाली असे लोक म्हणत. मुक्काम गाठणे आणि यात्रा पुरी करणे या दोन गोष्टींत त्यांनी मोठा फरक केला होता.

हा फरक किती खरा आहे, हे पेणजवळच्या वरसई गावच्या विष्णुभट गोडसे यांच्या प्रवासावरून समजते. घरावर कर्ज होते. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, तेथे भरपूर दक्षिणा मिळेल, ही वार्ता आली. तेव्हा 1857 साली विष्णुभट आपल्या काकांसह उत्तरेस निघाले. महूच्या वाटेवर शिपायांनी त्यांना येऊ घातलेल्या बंडाची सूचना दिली. तरी दोघेही पुढेच गेले. यज्ञाची आशा मावळली आणि काका-पुतणे रणधुमाळीत सापडले. 1858 साली झाशीस वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. शहर पडल्यावर त्यांनी लपून जीव वाचविला, पण जवळचे द्रव्य गोऱ्या शिपायांनी लुटून नेले.

त्या धामधुमीत ते चित्रकूटासही पोहोचले. चित्रकूटाच्या शेजारी कर्वी येथे अमृतरावांच्या वंशजांचे ठाणे होते; त्यांचा प्रचंड खजिना इंग्रजांनी त्याच 1858 साली ताब्यात घेतला. ज्या घराण्याने काशीत राजा घाट बांधला, त्याचे वैभव असे एका उन्हाळ्यात नाहीसे झाले. तेथे दोन भिक्षुकांच्या गाठोड्याची काय कथा!

तरीही अखेरीस ते काशीस गेले. ज्या धनासाठी घर सोडले होते ते हाती उरले नव्हते. मग विष्णुभटांनी गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेतली आणि शेकडो कोसांची वाट तुडवून वरसईस आणली. आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घातले, तेव्हा त्यांची यात्रा पुरी झाली. पुढे चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनी या आठवणी लिहिल्या. ‘माझा प्रवास’ या नावाने त्या 1907 साली प्रसिद्ध झाल्या.

या कथेत काकांचे स्थान सहज नजरेआड होते. पण दोन माणसे बरोबर असली की दोघांचाही धीर एकाच दिवशी सुटत नाही. एक थकला तर दुसरा चालतो; एकाला घर आठवले तर दुसऱ्याला मुक्काम आठवतो. शिवाय घडलेल्या गोष्टीला साक्षी राहतो, हा लाभ निराळाच.

वाहन बदलले म्हणून हा नियम बदलत नाही. 15 ऑक्टोबर 1923 रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. इराण, बगदादपलीकडचे वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान असा सुमारे 71,000 किलोमीटरांचा फेरा त्यांच्यापुढे होता. 18 मार्च 1928 रोजी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे मुंबईस परतले; उरलेल्या तिघांनी तोवर आपापली वेगळी वाट धरली होती. अर्ध्या वाटेवरून वेगळे होणाऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही, प्रत्येकाची शक्ती आणि अडचण वेगळी असते. पण शेवटच्या वळणावर ज्याची सायकल आपल्या सायकलीच्या बरोबरीने चालते, त्याच्याशी जडलेले नाते त्या साडेचार वर्षांच्या धुळीतूनच तयार झालेले असते.

आज मुंबईहून काशीस विमानाने काही तासांत जाता येते. राजा घाटाच्या पायऱ्यांवर उभे राहणे आता कठीण उरलेले नाही. कठीण आहे ते एवढेच की, बरोबर निघालेल्या माणसासह, भांडण-रुसवा गिळून, हाती काही लागो वा न लागो, घरच्या उंबऱ्यापर्यंत परत येणे. मावंद्याचे जेवण जुन्या लोकांनी ठरविले होते ते त्यासाठीच.