कावडीत न बसलेलं पठार

व्हिएतनामी माणूस आपल्या देशाची ओळख करून देताना कावडीची उपमा देतो. उत्तरेला लाल नदीचं खोरं, दक्षिणेला मेकाँगचं, ही भाताने भरलेली दोन पारडी. मधला चिंचोळा किनारा म्हणजे बांबूची दांडी. या चित्रात एक भाग मात्र बसतच नाही. दांडीच्या दक्षिण अर्ध्यात किनारा सोडून पश्चिमेला चढत गेलं, की लाओस-कंबोडियाच्या सरहद्दीला टेकलेली पठारं लागतात. बाहेरचं जग त्यांना मध्य पठार म्हणतं. व्हिएतनामी नाव आहे ताय न्गुयेन, म्हणजे पश्चिमेचं पठार. श्रोतेहो, आजचं भाषण त्याच्याविषयी.

इथली माती पाहून मराठी माणूस जरा थबकेल. दख्खनसारखीच तीही ज्वालामुखीच्या बेसाल्टपासून झालेली. पण आपली काळी, ही विटेसारखी लाल. मुसळधार पाऊस आणि उष्णता यांनी बेसाल्टमधले क्षार धुऊन नेले, लोह मागे उरलं आणि गंजलं. कोकणातल्या जांभ्याची गोष्टही थोडीफार अशीच. फरक एवढाच, की जांभा दगड होऊन बसतो आणि ही माती खोल, भुसभुशीत राहिली.

या मातीचे जुने रहिवासी एदे, जराय, बहनार असे अनेक समाज. एदेंचं घर लांबलचक, खांबांवर उभं. मुलीचं लग्न झालं की घराला आणखी एक खण जोडायचा, कारण नवरा सासरी राहायला येतो. घरजावई हा तिथे चेष्टेचा विषय नाही, रीतच ती. मुलांना कूळ आईचं, आणि मागणी घालायला जातात मुलीकडचे. एका लाकडाच्या ओंडक्यात पायऱ्या कोरून केलेल्या जिन्याच्या माथ्यावर दोन स्तन आणि चंद्रकोर कोरलेली असते. चढताना हात नेमका तिथेच टेकतो. गंमत म्हणजे या मातृवंशी लोकांच्या मुख्य शहराचं नाव बुओन मा थुओत, अर्थात थुओतच्या बापाचं गाव!

दक्षिणेकडचं दा लात हे थंड हवेचं ठिकाण वेगळंच. ते जिथे वसलं, त्या लांग बियांगच्या माळावर 1893 मध्ये आलेक्सांद्र येर्सँ पोहोचला. पुढच्याच वर्षी हाँगकाँगला प्लेगचा जंतू शोधणारा आणि 1897 मध्ये आपलं सीरम घेऊन प्लेगने ग्रासलेल्या मुंबईत आलेला तो हाच. आज दा लात फुलं आणि भाजीपाला पिकवतं.

बाकी पठार कॉफीचं. पण त्याचा मोठा विस्तार युद्धानंतरचा. 10 मार्च 1975 ला उत्तर व्हिएतनामच्या फौजांनी बुओन मा थुओतवर हल्ला केला आणि 51 दिवसांत दक्षिणेची राजधानी सायगाव पडलं. मग नव्या सरकारने मैदानातली माणसं ‘नव्या आर्थिक क्षेत्रां’च्या नावाखाली इथे वसवली. 1986 च्या आर्थिक सुधारणांनंतर तर लोक आपणहून लोटले. शतक संपता संपता व्हिएतनाम ब्राझीलखालोखाल दुसऱ्या क्रमांकाचा कॉफी उत्पादक झाला. रोबस्टा जातीत तो पहिला आहे आणि ती बहुतेक सगळी याच पठारावरची. याची किंमत कोणी मोजली? एदे-जराय फिरती शेती करत. पुन्हा कसण्यासाठी पडीक ठेवलेलं त्यांचं रान येणाऱ्यांना मोकळं वाटलं. आज तिथे मैदानातले किन्ह, म्हणजे मुख्य व्हिएतनामी समाजाचे लोक, बहुसंख्य आहेत. जमीन आणि धर्मस्वातंत्र्यासाठी 2001 आणि 2004 मध्ये मूळ रहिवाशांची मोठी निदर्शनं झाली, ती सरकारने मोडून काढली.

दुसरी किंमत पाण्याची. नोव्हेंबर ते एप्रिल पाऊस जवळजवळ नसतो. कॉफीच्या कळ्या मुक्या बसून राहतात. मग शेतकरी पंप लावतो, पाइप ओढत एकेका झाडापाशी जातो आणि आळं तुडुंब भरतो. एका झाडाला, एका पाळीला शेकडो लिटर पाणी लागतं. आठवडा-दहा दिवसांत सगळी बाग एकदम पांढरी होते, मोगऱ्यासारखा वास सुटतो. दृश्य देखणं खरंच, पण ते पाणी विहिरी-बोअरमधून उपसलेलं. विहिरी खोल होत चालल्या आहेत, आणि 2016 च्या दुष्काळात हजारो हेक्टर बागा होरपळल्या. द्राक्षबागा असलेल्या आपल्या भागांतल्या श्रोत्यांना ही कहाणी नवी नाही.

भाव कोसळला की बाग तोडायची, चढला की लावायची, हेही तिथे चालतं. कॉफी पडली तेव्हा मिरीचे वेल चढले. मिरीला मर लागली. 2022 मध्ये चीनने आयातीचं दार उघडताच फणसासारख्या काटेरी, उग्र वासाच्या डुरियनची लाट आली. आणि 2024 मध्ये रोबस्टाचा भाव विक्रमी चढला, तोवर अनेकांच्या बागेत कॉफीच्या ओळींमध्ये डुरियन उभी होती.

आता कारभाराचा नकाशाही बदलला आहे. 1 जुलै 2025 पासून देशातले 63 प्रांत 34 झाले. बुओन मा थुओत ज्यात आहे, त्या डाक लाक प्रांताला किनाऱ्यावरचा फू येन जोडला गेला. तेव्हा कॉफीच्या या प्रांताला आता समुद्रकिनाराही आहे.