कागद कोणाला विचारायचा?



माणूस एका देशातून दुसऱ्या देशात राहायला जातो तेव्हा त्याला कोणते नाव मिळते, हे तो कोणत्या दिशेने गेला यावर अवलंबून असते. रिओ ग्रँडे नदी ओलांडून उत्तरेकडे जाणारा मेक्सिकन शेतमजूर अमेरिकेच्या राजकारणात ‘बेकायदा’ ठरतो. त्याच सीमेवरून दक्षिणेकडे येऊन वर्षानुवर्षे पर्यटकाच्या परवान्यावर घर थाटणारा अमेरिकन मात्र ‘परदेशस्थ’ म्हणवला जातो. सीमा एकच आहे आणि कायदा दोन्ही देशांत आहे. फरक आहे तो कायद्याकडे पाहण्याच्या दृष्टीत. आणि ही दृष्टी कोठून येते, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहावा लागेल. परवानगीवाचून सीमा ओलांडून मोठ्या संख्येने वस्ती करण्याचा या दोन देशांमधील पहिला प्रकार दक्षिणेकडून उत्तरेकडे झालेला नाही. १८२१ साली मेक्सिको स्पेनच्या जोखडातून मुक्त झाला आणि विरळ वस्तीच्या टेक्सास प्रांतात त्याने अमेरिकन शेतकऱ्यांना अटींवर जमिनी दिल्या. आलेल्यांनी जमिनी घेतल्या. अटी बहुतेकांनी गुंडाळून ठेवल्या. १८२९ मध्ये अध्यक्ष ग्युरेरो यांनी गुलामगिरी रद्द केल्याची घोषणा केली, तेव्हा टेक्सासपुरती सूट मिळवण्यात आली, आणि गुलामांना कागदोपत्री ‘करारबद्ध नोकर’ म्हणवून वेठीस ठेवण्याची युक्तीही वापरली गेली. १८२८ मध्ये पाहणीसाठी गेलेल्या जनरल मिएर इ तेरान यांनी हा प्रांत हातचा जाईल असा इशारा दिला होता. त्याचा परिणाम म्हणून ६ एप्रिल १८३० च्या कायद्याने मेक्सिकोने अमेरिकेतून येणारे नवे स्थलांतर बंद केले. तरीही लोक येतच राहिले. ज्याला आज ‘घुसखोरी’ म्हणतात ती हीच. १८३६ मध्ये टेक्सास फुटून निघाला व त्याने आपल्या राज्यघटनेत गुलामगिरीला संरक्षण दिले. १८४५ मध्ये तो अमेरिकेत सामील झाला. आणि १८४६ ते ४८ च्या युद्धानंतर टेक्सास धरून मेक्सिकोचा निम्म्याहून अधिक भूप्रदेश त्याच्या हातून गेला.

मेक्सिकोच्या मनात परकी जमीनमालकाविषयी जी धास्ती आहे, तिचे मूळ या अनुभवात आहे. क्रांतीनंतरच्या १९१७ च्या राज्यघटनेत ती शब्दबद्ध झाली. कलम २७ नुसार सीमेपासून १०० किलोमीटर आणि समुद्रकिनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या पट्ट्यात परकीयांना जमिनीची थेट मालकी घेता येत नाही. कलम ३३ नुसार परकीयाला देशाच्या राजकारणात भाग घेता येत नाही. ही कलमे परद्वेषातून आलेली नाहीत. एकदा घर लुटले गेलेल्या माणसाने दाराला लावलेला तो अडसर आहे. पण अडसराला फटही ठेवली गेली. बँकेच्या नावे विश्वस्त करार करून किनाऱ्यावरचे घर उपभोगण्याची सोय आधी १९७० च्या दशकात झाली आणि १९९३ च्या परकी गुंतवणूक कायद्याने कराराची मुदत ५० वर्षे केली. त्याआधी एक वर्ष, १९९२ मध्ये, सालिनास सरकारने कलम २७ मध्येच दुरुस्ती करून क्रांतीने दिलेल्या ‘एहिदो’ या सामूहिक शेतजमिनी विक्रीच्या बाजारात येण्याचा मार्ग मोकळा केला होता. सापातानी ज्या जमिनीसाठी बंदूक उचलली, तिच्यावर सागरदर्शनी बंगल्याची जाहिरात लागू शकेल अशी व्यवस्था अशा रीतीने कायद्यानेच तयार झाली.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. मेक्सिकोत आलेला प्रत्येक परका हा लुटारू नव्हता. १९१७ मध्ये महायुद्धाची सक्तीची भरती नाकारणारे अमेरिकन तरुण मेक्सिकोत आश्रयाला आले. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये अटक झालेले मानवेंद्रनाथ रॉय तेथून निसटून मेक्सिकोत पोचले आणि १९१९ मध्ये तेथील कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापनेत अग्रभागी राहिले. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे हे गदर चळवळीतील क्रांतिकारक. ब्रिटिशांनी मायदेशाचे दार बंद केल्यावर मेक्सिकोने त्यांना जवळ केले. चापिंगोच्या कृषी विद्यालयात त्यांनी अध्यापन केले, मक्याच्या वाणांवर संशोधन केले, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या, आणि दिएगो रिव्हेरांनी त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिले. १९३९ च्या सुमारास कार्देनास सरकारने फ्रँकोच्या स्पेनमधून परागंदा झालेल्या हजारो प्रजासत्ताकवाद्यांना आसरा दिला. हॉलिवूडच्या काळ्या यादीतील डाल्टन ट्रंबोसारखे लेखक १९५० च्या दशकात तेथेच जाऊन राहिले. खानखोजे मेक्सिकोला काही देण्यासाठी राहिले आणि तेथील शेतकऱ्याच्या बरोबरीने राहिले. परका कोण, या प्रश्नाचे उत्तर पारपत्राच्या रंगात नसून या बरोबरीत असते.

दुसऱ्या महायुद्धानंतर आलेली माणसे वेगळ्या कारणाने आली. सान मिगेल दे आयेंदे या डोंगरी गावात १९३८ मध्ये कलाशाळा निघाली. युद्धावरून परतलेल्या अमेरिकन सैनिकांना सरकारी शिष्यवृत्तीवर तेथे शिकता येऊ लागले आणि स्वस्त, सुंदर गाव म्हणून त्याची ख्याती झाली. चापाला सरोवराकाठचे आहिहिक हे असेच दुसरे गाव. १९५० मध्ये सान मिगेलच्या कलाशाळेशी संबंधित काही अमेरिकन शिक्षकांना योग्य परवाने नाहीत म्हणून मेक्सिकोने देशाबाहेर काढले. ही घटना आज फारशी आठवली जात नाही, याचे कारण ती अपवाद ठरली. अमेरिकनाला कागद विचारला जात नाही, हाच त्यानंतरच्या काळाचा नियम झाला.

तो नियम कसा चालतो ते पाहण्यासारखे आहे. पर्यटक म्हणून येणाऱ्या अमेरिकनाला जास्तीत जास्त १८० दिवस राहता येते. अनेकांनी यातून सोपी वहिवाट पाडली: पाच-सहा महिने झाले की सीमेपलीकडे एक फेरी मारायची आणि नव्या परवान्यावर परत यायचे. असे दहा-दहा वर्षे राहणाराही कागदावर पर्यटकच असतो. काहींनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत. मुदत संपली तरी जाताना दंड भरला की साधारणतः भागते, हे अनुभवाने ठाऊक झालेले असते. “येथे कोणी विचारीत नाही”, “आपण तर या गावात पैसा आणतो” ही वाक्ये अशा वसाहतींत नेहमीची आहेत. त्यांतील दुसरे वाक्य अधिक बोलके आहे. कायद्यातून सूट ही पैशाच्या मोबदल्यात मिळणारी वस्तू आहे, असा विश्वास त्यात निःसंकोच व्यक्त होतो.

आता आकडा तोच ठेवून सीमेची दुसरी बाजू पाहावी. अमेरिकेच्या १९९६ च्या कायद्यानुसार १८० दिवसांहून अधिक काळ बेकायदा राहून बाहेर पडणाऱ्यावर तीन वर्षांची, आणि वर्षभर वा अधिक राहिलेल्यावर दहा वर्षांची प्रवेशबंदी येते. आईबापांच्या अंत्यविधीसाठी गावी गेलेला मजूर या बंदीमुळे आपल्या मुलांकडे परतू शकत नाही. एकाला दंडाची पावती मिळते, दुसऱ्याचे कुटुंब तुटते.

पण मेक्सिकोलाही येथे निर्दोष म्हणता येणार नाही. १९७४ च्या लोकसंख्या कायद्यानुसार चोरून प्रवेश करणे हा मेक्सिकोत दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा होता. त्याची झळ सान मिगेलच्या चित्रकाराला लागत नव्हती. ग्वातेमाला, होन्डुरास, एल साल्व्हादोर येथून येणाऱ्या भुकेल्यांना लागत होती. २००८ मध्ये ही शिक्षा रद्द झाली. २०११ च्या स्थलांतर कायद्याने तर कागद नसणे हा स्वतःहून गुन्हा होत नाही हे तत्त्व मांडले, आणि कागद असो वा नसो, शिक्षण, आरोग्यसेवा व न्याय यांचा हक्क मान्य केला. हे तत्त्व कोणत्याही समाजवाद्याने अभिमानाने सांगावे असे आहे. मात्र २०१९ मध्ये आयातकराच्या अमेरिकन धमकीपुढे नमून मेक्सिकोने याच गरिबांना अडवण्यासाठी नॅशनल गार्ड उभे केले. आणि मार्च २०२३ मध्ये स्यूदाद हुआरेसच्या स्थानबद्धता केंद्रात लागलेल्या आगीत कुलूपबंद खोलीतील ४० स्थलांतरित मृत्यू पावले. अमेरिकन पेन्शनराला दंडाची पावती देणारे स्थलांतर खाते आणि ही कोठडी चालवणारे खाते एकच आहे. कायद्याचा शब्द सर्वांना सारखा असला तरी त्याचा हात माणसाचा खिसा चाचपूनच पडतो.

कायद्यातील खिशाचे हे माप एका तपशिलातून स्पष्ट होते. रीतसर तात्पुरते रहिवासी होण्यासाठी परकीयाला आपले उत्पन्न दाखवावे लागते. २०१४ पासूनच्या नियमांत हे मासिक उत्पन्न मेक्सिकोच्या किमान वेतनाच्या ३०० दिवसांइतके ठरवले गेले. म्हणजे मेक्सिकन मजूर ३०० दिवस राबून जे मिळवतो, ते येथे राहू इच्छिणाऱ्याने दर महिन्याला मिळवलेले असावे! पुढे अध्यक्ष लोपेस ओब्रादोर यांच्या कारकीर्दीत दैनिक किमान वेतन २०१८ मधील ८८ पेसोंवरून २०२४ मध्ये सुमारे २४९ पेसोंवर गेले. मजुराच्या ताटात थोडे अधिक पडले. आणि त्याच प्रमाणात परवान्याची उत्पन्नमर्यादाही वाढली. ‘नियम फार कडक झाले’ अशी तक्रार तेव्हा अमेरिकनांमध्ये सुरू झाली. आपण ज्याला कडक नियम म्हणतो तो गड्याच्या आणि मोलकरणीच्या पगारवाढीचा आकडा आहे, हे तक्रार करणाऱ्यांपैकी किती जणांच्या लक्षात आले असेल?

तथापि त्या तक्रारकर्त्याला केवळ खलनायक ठरवून चालणार नाही. तो तेथे का आला, हेही विचारले पाहिजे. आयुष्यभर काम केलेल्या अमेरिकन कारकुनाला वा परिचारिकेला निवृत्तिवेतनात घरभाडे आणि औषधे दोन्ही परवडत नाहीत. मेडिकेअरचे संरक्षण सामान्यतः देशाबाहेर मिळत नाही. तरी ते सोडून परदेशी जाणे त्यांना स्वस्त वाटते, यातच अमेरिकी भांडवलशाहीचा पराभव आहे. त्याच्या जुजबी निवृत्तिवेतनाला मेक्सिकोची नवी उत्पन्नमर्यादा पेलवत नाही. म्हणून तोही पर्यटक परवान्याच्या आडोशाला राहतो. उत्तरेकडे जाणारा मजूर कामाच्या शोधात जातो, दक्षिणेकडे येणारा म्हातारा स्वस्ताईच्या शोधात येतो. दोघांना हुसकणारी व्यवस्था एकच आहे. फरक इतकाच, की एकाच्या मागे डॉलर आणि वकिलात उभी आहे, दुसऱ्याच्या मागे कोणीही नाही.

आणि या फरकाची किंमत स्थानिक गरीब मोजतो. २००० साली एन्सेनादाजवळच्या पुंता बांदा येथे जमिनीच्या मालकीच्या वादात मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल अंमलात आला आणि अनेक अमेरिकनांना किनाऱ्यावरची घरे सोडावी लागली. जमीन विकणाऱ्याला ती विकण्याचा हक्कच नव्हता. त्या वृद्धांचे दुःख खोटे नव्हते; पण जमिनीचा खरा धनी कोण, हे विचारायची गरज त्यांना भासली नव्हती. मेक्सिको सिटीत २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये शहर सरकारने एअरबीएनबी कंपनीशी, युनेस्कोला सोबत घेऊन, दूरस्थ काम करणाऱ्या परकीयांना आकर्षित करण्याचा करार केला. रोमा आणि कोन्देसा या वस्त्यांत डॉलरमध्ये पगार घेणारे आले, भाडी चढली, जुने भाडेकरू उपनगरांकडे लोटले गेले. ४ जुलै २०२५ रोजी त्याविरुद्ध मोर्चा निघाला. त्यात घरांच्या हक्काच्या घोषणा होत्या, तशाच ‘परकीयांनो, चालते व्हा’ अशाही होत्या, आणि काही दुकानांच्या काचा फुटल्या. करार झाला तेव्हा शहराच्या प्रमुख असलेल्या क्लाउदिया शेनबाम तोवर राष्ट्राध्यक्ष झाल्या होत्या; त्यांनी परद्वेषाचा निषेध केला. निषेध योग्यच होता. परंतु भाड्याचा प्रश्न निषेधाने सुटत नाही, आणि तो प्रश्न उभा करण्यात त्यांच्याच शहर सरकारचा वाटा होता.

कार्यकर्त्याची कसोटी अशा वेळी लागते. संताप खरा असतो, पण तो माणसाच्या चेहऱ्यावर फोडायचा की व्यवस्थेवर, हे ठरवावे लागते. २०२० च्या मेक्सिकन जनगणनेत अमेरिकेत जन्मलेले सुमारे ८ लाख लोक नोंदले गेले. त्यांत बंगलेवाल्या पेन्शनरांपेक्षा मोठा भरणा मेक्सिकन आईबापांबरोबर, पुष्कळदा हद्दपारीनंतर, परत आलेल्या मुलांचा आहे. परकीयांचे कागद तपासा, अशी आरोळी उठली तर पहिला फटका या मुलांना बसेल. त्यांच्यापैकी अनेकांना जन्मदाखल्यावर परदेशी सरकारचा प्रमाणशिक्का नाही म्हणून शाळेत प्रवेश मिळवताना वर्षानुवर्षे अडचणी आल्या. श्रीमंताला कागद नसला तरी चालतो, गरिबाजवळ कागद असला तरी पुरत नाही. म्हणून कागदाची कडक तपासणी हे गरिबाच्या हिताचे हत्यार कधीच होत नाही.

तेव्हा समाजवाद्याची मागणी तिहेरी असली पाहिजे. पहिली, कोणताही माणूस ‘बेकायदा’ नसतो हे तत्त्व सान मिगेलमध्ये खरे असेल तर ते टेक्सासमध्ये आणि ग्वातेमालाच्या सीमेवरही खरे मानले पाहिजे. दुसरी, जमीन, पाणी आणि निवारा यांच्यावरचा पहिला हक्क तेथे राबणाऱ्यांचा. तो डॉलरच्या बोलीवर लिलावाला काढता येणार नाही, मग खरेदीदार परका असो वा देशी. भाडेनियंत्रण हवे, एहिदोंचे रक्षण हवे, आणि किनारे विकून विकास होतो हा भ्रम सोडायला हवा. तिसरी, जो ज्या देशात राहतो त्याने त्या देशाच्या कायद्याशी आणि लोकांशी प्रामाणिक असले पाहिजे. यजमानाचा कायदा ही आपल्यासाठी केवळ एक औपचारिकता आहे असे मानणारा पाहुणा, आपल्या घरी आलेल्याला त्याच कायद्याचा धाक दाखवू शकत नाही.

मेक्सिकोत घर थाटलेल्या अमेरिकनांपैकी काहींनी आपल्या मायदेशी पत्र लिहून एवढे जरी कळवले, की ‘कागदावाचून राहिलो, तरी शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले नाहीत, दवाखान्याने दार लावले नाही, नातवंडांना कोणी पिंजऱ्यात घातले नाही’, तर सीमेच्या भिंतीविरुद्ध त्याहून प्रभावी पुरावा दुसरा नसेल. तो पुरावा त्यांच्याजवळ आहे. तो आपल्या राज्यकर्त्यांपुढे ठेवण्याचे नैतिक धैर्य ते दाखवतात की नाही, यावरच ते मेक्सिकोचे शेजारी ठरतील की नुसते भाडेकरू, हे अवलंबून आहे.