यंत्राची नजर आणि वैद्याची जबाबदारी



आज आम्ही बोलणार आहोत ते कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी. तिच्या सगळ्या पसाऱ्याविषयी मात्र नव्हे, तर वैद्यकातील संशोधन आणि वैद्यकाचे शिक्षण एवढ्यापुरतेच. मीरा रोडच्या व्यासपीठावर हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे की, हा विषय आता प्रयोगशाळेच्या भिंतीआड राहिलेला नाही. २०११ च्या शिरगणतीत मीरा-भाईंदरची वस्ती आठ लाखांवर भरली. ही वस्ती दाटीची, आणि तिच्यातील कितीतरी माणसे रोज लोकलच्या गर्दीतून मुंबईला जाऊन येणारी. अशा ठिकाणी एकाचा खोकला त्याच्या एकट्याचा राहत नाही. म्हणून आम्ही क्षयरोगापासूनच आरंभ करतो.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली दाखवून दिला. त्यावर औषधे निघाली, त्यालाही पाऊणशे वर्षे होऊन गेली. तरीसुद्धा जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे एकचतुर्थांश आजही आपल्या देशात आहेत. याचे एक मोठे कारण असे की रोगी वेळेवर सापडत नाही. छातीचे क्ष-किरण चित्र काढणे सोपे झाले आहे. ते वाचणारा तज्ज्ञ प्रत्येक ठिकाणी मिळणे कठीण आहे. नेमक्या या उणिवेत यंत्र शिरले.

हे यंत्र शिकते कसे? तज्ज्ञांनी अभिप्राय दिलेली लक्षावधी चित्रे त्याला दाखवतात. काळ्यापांढऱ्या छटांची कोणती ठेवण रोगाबरोबर येते, हे ते आपले आपण जुळवीत जाते. मग नवे चित्र समोर ठेवले की रोगाच्या संशयाचा एक आकडा सांगते. २०१६ साली मुंबईत सुरू झालेल्या क्यूर.एआय या संस्थेने असेच साधन तयार केले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली पंधरा वर्षांच्या आणि त्यावरील व्यक्तींच्या तपासणीसाठी अशा साधनांना मान्यता दिली. आपल्या देशात डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या क्षयमोहिमेत हातात धरून नेता येणारी क्ष-किरण यंत्रे वस्त्यांतून फिरली. हे सारे उपकारक आहे, यात आम्हांला शंका नाही.

परंतु तो आकडा म्हणजे निदान नव्हे. कोणत्या आकड्यापुढे संशय धरायचा, ही रेषा माणसाने आखलेली असते. ती खाली आणली तर निरोगी माणसे विनाकारण घाबरतात. वर नेली तर खरे रोगी निसटतात. शेवटी थुंकीची तपासणी करावीच लागते, आणि त्यासाठीचे ट्रूनॅट हे उपकरण आपल्या शेजारच्या गोव्यात तयार होते, ही अभिमानाची गोष्ट. यंत्राने बोट दाखवावे, निर्णय तपासणीने आणि वैद्याने करावा, असा हा क्रम आहे.

यंत्र चुकते कसे, हेही पाहू. २०१८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फुप्फुसदाह ओळखणाऱ्या यंत्राची परीक्षा झाली. चित्र कोणत्या रुग्णालयातून आले, हेच ते यंत्र मोठ्या खुबीने ओळखू लागले होते; आणि ज्या रुग्णालयात रोगी अधिक, तेथील चित्रांकडे ते संशयाने पाही. परक्या रुग्णालयातील चित्रांवर त्याची कामगिरी साहजिकच उतरली. तात्पर्य, परगावी पहिला आलेला विद्यार्थी आपल्या गावच्या परीक्षेत उत्तीर्ण होईलच असे नाही. ती परीक्षा आपणच घेतली पाहिजे.

नव्या साधनाची परीक्षा कशी घ्यावी, याचा धडा मुंबईने फार पूर्वी गिरवला आहे. १८९६ मध्ये मांडवीत प्लेगचा पहिला रोगी डॉ. व्हिएगस यांनी ओळखला. लगेच डॉ. हाफकिन मुंबईस आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत त्यांनी लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी प्रथम स्वतःला टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगात काही कैद्यांना ती टोचली, काहींना टोचली नाही, आणि दोहोंची तुलना केली. पण कथा येथे संपत नाही. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतील लस घेतलेले १९ लोक धनुर्वाताने दगावले. दोष हाफकिन यांच्या माथी आला आणि त्यांना कामावरून दूर व्हावे लागले. ती बाटली ५३-एन या क्रमांकाची होती. ती कोठे भरली, कोणी उघडली, उघडताना चिमटा जमिनीवर कसा पडला, याची नोंद होती. म्हणूनच बाटली प्रयोगशाळेत दूषित झाली नसून गावात उघडताना झाली असावी, असे पुढे मांडता आले आणि १९०७ साली ते दोषमुक्त झाले.

बंधूभगिनींनो, या क्रमांकाकडे आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो. लस एकदा बाटलीत भरली की बदलत नाही. हे यंत्र मात्र बनवणारे वरचेवर सुधारतात; आज रुग्णालयात आहे ते सहा महिन्यांपूर्वीचेच असेल असे नाही. उद्या त्याच्या हातून चूक झाली, तर ती बनवणाऱ्याची, विकत घेणाऱ्या रुग्णालयाची, की अहवालावर सही करणाऱ्या डॉक्टरची? आवृत्तीचा क्रमांक आणि प्रत्येक अभिप्रायाची नोंद नसेल, तर या प्रश्नाला उत्तर मिळणार नाही, आणि दोष सर्वांत दुबळ्याच्या माथी बसेल.

आता शिक्षणाविषयी. विद्यार्थ्याची नजर तयार होते ती हजारो चित्रे स्वतः पाहून, चुकून, आणि गुरूंकडून चूक समजून घेऊन. यंत्र हा उत्तम शिकवणीदार होऊ शकेल. तो रात्री-अपरात्री कंटाळत नाही. पण उत्तर आधी मिळाले तर नजर आळसावते. २०२५ साली पोलंडमधील चार केंद्रांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करणाऱ्या अनुभवी डॉक्टरांना यंत्राची सवय लागल्यावर, यंत्राविना केलेल्या तपासण्यांत गाठी सापडण्याचे प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर आले. एवढ्या एका अभ्यासावरून अखेरचा निवाडा करू नये. पण अनुभवी हातांची ही गत, तर नवशिक्यांची काय होईल? म्हणून विद्यार्थ्याने आपले मत आधी लिहावे आणि मग यंत्राचे पाहावे, असा दंडक महाविद्यालयांनी घालावा, असे आमचे मत आहे.

संशोधनातील यंत्राचा पराक्रम खरोखर थोर आहे. प्रथिनांची घडण वर्तवणाऱ्या साधनासाठी २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक हसाबिस आणि जंपर यांना मिळाले. पण हे साधन शिकले कशावर? १९७१ पासून शास्त्रज्ञांनी कष्टाने जमवून सर्वांसाठी खुल्या ठेवलेल्या प्रथिनांच्या नोंदींवर. आपल्या छातीची चित्रेही अशीच कोणाला तरी शिकवीत असतात. ती देण्यास आमची ना नाही. मात्र विचारून घ्यावीत, नाव-गाव काढून घ्यावीत, आणि त्यांतून निघालेला लाभ देणाऱ्याच्या वस्तीपर्यंत यावा.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२३ साली याविषयीची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. ती कागदावर राहू नयेत, हे काम नागरिकांचे. यासाठी कोणी यंत्रशास्त्र शिकायला नको. अहवाल हाती आला की इतकेच विचारावे : हा यंत्राने वाचला का? कोणत्या डॉक्टरांनी पाहून सही केली? आमच्यासारख्या लोकांवर या यंत्राची परीक्षा झाली आहे का? आणि उत्तर मराठीत, समजेल असे मागावे. विचारणारे रोगी वाढले की विचार करणारी रुग्णालये वाढतील.