वाढत्या कणांचा उजेड

झिंक ॲसिटेट अल्कोहोलमध्ये विरघळवून त्यात लिथियम हायड्रॉक्साइड मिसळलं की झिंक ऑक्साइडचे काही नॅनोमीटर आकाराचे कण तयार होतात. द्रावण मात्र पाण्यासारखं नितळच दिसतं. मग कण वाढताहेत हे कळावं कसं? इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी थेंब वाळवावा लागतो आणि वाळताना कण चिकटतात. द्रावणावर अतिनील प्रकाश टाकला, तर ते वाढ चालू असतानाच चमकतं: कण लहान असताना निळसर-हिरवं, मोठे होताना पिवळसर. कण जितका लहान, तितकी त्यातल्या इलेक्ट्रॉनची कोंडी अधिक आणि बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची ऊर्जाही अधिक.

आक्षेप असा, की हा दृश्य उजेड स्फटिकातल्या दोषांमधून येतो आणि ते दोष नेमके कोणते यावर संशोधकांचं एकमत नाही. आक्षेप रास्त आहे, पण अपुरा. आकारानुसार ऊर्जापट्ट्यांच्या कडा सरकतात, आणि दोषांचा उजेडही त्यांच्यामागोमाग सरकतो. शिवाय 370 नॅनोमीटरच्या आसपासचं अतिनील उत्सर्जन आणि शोषणाचा वर्णपट पडताळ्याला असतातच. उजेडाच्या तीव्रतेवरून कणांची संख्या काढणं मात्र धोक्याचं, कारण द्रावणातलं थोडं पाणीही तो उजेड मंदावू शकतं.