डांबर आणि मुरूम



टेबलावर हे दोन टायर मी मुद्दाम आणलेत. हा बारीक, २८ मिलिमीटर रुंदीचा, रोड बाइकचा. आणि हा त्याच्या दुप्पट रुंद, अंगावर रबराच्या खुंट्या असलेला, माउंटन बाइकचा. दुकानात एकाला सातशे सी म्हणतात आणि दुसऱ्याला एकोणतीस इंची. नावं ऐकून वाटतं, चाकंच वेगळी असणार. पण एकावर एक ठेवून आतली कड जुळवून बघा. तंतोतंत बसते. दोन्ही टायर ज्या रिमवर चढतात तिचा व्यास एकच, ६२२ मिलिमीटर. टायर मागच्या रांगांपर्यंत फिरवा, पण जाड टायरला हात लावताना जपून. त्यात बाभळीचा काटा अजून आहे.

चाक एकच, मग फरक कुठे? हवेत. बारक्या टायरमध्ये मी ८० पौंडांच्या आसपास हवा भरतो, जाड्यात २५. गच्च टायर गुळगुळीत डांबरावर जवळजवळ न अडता धावतो. तोच मुरमावर घातलात तर प्रत्येक खड्यावर उडतो. सैल टायर दगडावर पसरतो, दगडाला कवेत घेतो आणि पुढे जातो. हा साधा हवेचा फरक, पण माझ्या मते या दोन छंदांचा सगळा स्वभाव त्यातून निघतो.

मी दोन्ही करतो. रविवारी पहाटे साडेपाचला घर सोडायचं, बोपदेव घाट चढून सासवडकडे किंवा मुळशीच्या रस्त्याला लागायचं, हे गेली वीस वर्षं चालू आहे. रस्त्यावर सायकल चालवणाऱ्याचं खरं भांडण चढाशी नसतं, वाऱ्याशी असतं. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो आणि तो कापायला लागणारी ताकद आठपट. म्हणून आम्ही एकामागे एक चालवतो. पुढच्याच्या चाकामागे हातभर अंतरावर राहिलं की मागच्याचे कष्ट पाव ते एक तृतीयांश कमी होतात. पुढचा दमला की बाजूला होऊन मागे येतो, दुसरा वारा अंगावर घेतो. पुढच्याला खड्डा दिसला की तो हात खाली करून बोट दाखवतो. मागचा तीच खूण करतो, त्याच्या मागचा तीच, आणि खूण शेवटच्या माणसापर्यंत पोचते. शेवटच्याला खड्डा दिसलेलाच नसतो. तो खुणेवर विश्वास ठेवून सायकल वळवतो. ज्याच्याशी मी दोन वाक्यंही बोललेलो नाही अशा माणसाच्या बोटावर मी असा भरवसा ठेवला आहे आणि त्यानं माझ्या.

या छंदाची आपल्याकडे जुनी ओढ आहे. मुंबई-पुणे सायकल शर्यतीतला ‘घाटाचा राजा’ हा किताब पुण्यातल्या जुन्या माणसांना अजून आठवतो. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघातून नऊ दिवसांच्या आत पुरी केली. आपल्यासारख्यांसाठी ब्रेव्हे, म्हणजे लांब पल्ल्याच्या फेऱ्या, आहेत. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर वीस तासांत. त्यात पहिला-दुसरा नंबर काढत नाहीत. वेळेत पोचलात की झालं. रस्त्यावरची सायकल हे सातत्याचं काम आहे. चार तास त्याच लयीत पायडल मारताना डोकं रिकामं होत जातं. कितीतरी घरगुती प्रश्न मला सासवडच्या रस्त्यावर सुटलेले आहेत.

डोंगरातल्या वाटेवर असा एकही प्रश्न सुटत नाही, कारण तिथे तो आठवतच नाही.

हा छंद मोडक्या सायकलींतून जन्मला. कॅलिफोर्नियात माउंट टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. १९७० च्या दशकात तिथली काही तरुण पोरं तीस-चाळीस वर्षं जुन्या, जाड टायरच्या जड सायकली भंगारातून उचलायची, वर न्यायची आणि मातीच्या वाटेनं खाली सोडायची. त्या डोंगराजवळच्याच एका उतारावर २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांनी घड्याळ लावून शर्यत घेतली. साडेतीन किलोमीटरच्या आत सुमारे ४०० मीटर उतार. ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये, उलटं पायडल मारून लागणारा. खाली पोचेपर्यंत हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि पुन्हा भरावं लागायचं. म्हणून त्या वाटेचं नावच ‘रिपॅक’ पडलं. पुढच्याच वर्षी त्यांच्यातल्या जो ब्रीझनं डोंगरासाठी म्हणून खास सांगाडा बांधला. रस्त्यावरची शर्यत १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये होती. माउंटन बाइक ऑलिंपिकमध्ये आली १९९६ ला, बरोबर शंभर वर्षांनी.

मी चाळिशीनंतर टेकडीवर गेलो. रस्त्यावर हजारो किलोमीटर घातलेले होते, म्हणून जमेलच असं धरून चाललो होतो. पहिल्याच उतारावर एक दगड दिसला, त्याच्याकडे बघत राहिलो आणि चाक सरळ त्याच दगडावर नेऊन घातलं. सोबतच्या मुलीनं मला उठवलं. माझ्याहून वीस वर्षांनी लहान होती. ती म्हणाली, “काका, दगड बघू नका. दगडाशेजारची जागा बघा.” एवढं एक वाक्य अंगात मुरायला मला पूर्ण हिवाळा लागला. नजर जिथे जाते तिथे खांदे वळतात, खांद्यांमागून हँडल. सीटवरून उठायचं, गुडघे आणि कोपरं सैल सोडायची, ब्रेकवर एकेकच बोट, आणि नजर सायकलच्या पुढे चार-पाच मीटरवर. वेग असतो ताशी दहा-बारा किलोमीटर, धावणारा माणूस मागे टाकेल इतका. पण त्या तासाभरात मन एकदाही घरी जाऊन येत नाही. आपल्याकडे यासाठी फार चांगला शब्द आहे, अवधान. टेकडीवरून उतरताना मला तो शब्द कळला.

आता धोक्याचं बोलतो, कारण मुलांचे आईवडील इथे बसलेत. टेकडीवर माणूस जास्त वेळा पडतो. कोपर सोलतं, कधी मनगट मोडतं. पण तिथे पडतो तो स्वतःच्या चुकीनं आणि स्वतःच्या वेगानं. रस्त्यावर वर्षानुवर्षं काही होत नाही आणि मग एक दिवस दुसऱ्याच कुणाची तरी चूक तुमच्या अंगावर येते. माझा एक सोबती असा गेला. पहाटेची वेळ होती, पाठीमागचा लाल दिवा चालू होता, तो कडेनंच चालला होता. म्हणून मुलाला ‘डोंगरात नको, रस्त्यावरच चालव’ असं सांगणाऱ्या पालकांना मी हात जोडून सांगतो, हे गणित पुन्हा मांडा. महामार्गापेक्षा टेकडी मला कितीतरी बरी वाटते.

खरेदीचं एकच सांगतो. आपल्याकडे बहुतेकांना जाड टायरची, पुढे स्प्रिंगचा फोर्क असलेली सायकल दणकट दिसते म्हणून आवडते आणि ती आयुष्यभर डांबरावरच चालते. स्वस्तातला तो फोर्क चढावर प्रत्येक पायडलला खाली बसतो आणि तुमची ताकद खातो. खुंट्या डांबरावर घासून गुंगुं आवाज करतात. मग माणूस म्हणतो, मला सायकल झेपत नाही. झेपते हो! खुंट्यांचे टायर काढून गुळगुळीत घाला, हवा वाढवा आणि पुन्हा चालवून बघा. आणि मापाची सायकल घ्या. मला एका दुकानानं एक माप मोठी सायकल गळ्यात मारली होती. सहा महिने मी मानदुखीची औषधं खात होतो.

पण ‘दोन्हीतली कुठली?’ या प्रश्नाचं खरं उत्तर मला सायकलवाल्यानं दिलं नाही. टेकडीवर रोज फिरायला येणाऱ्या एका आजोबांनी दिलं. जुलै महिना होता. मुरूम ओला, चाकाखाली मऊ, मी खुशीत उतरत होतो. त्यांनी काठी आडवी धरून मला थांबवलं आणि मागे बघायला लावलं. माझ्या चाकानं वाटेत बोटभर खोल रेघ उमटली होती. वरून आलेलं पाणी आधी वाटभर पसरून वाहत होतं, ते आता त्या रेघेत शिरलं होतं. आम्ही दोघं उभे होतो तेवढ्या वेळात रेघेची कड ढासळताना मी पाहिली. आजोबा रागावले नाहीत. म्हणाले, “दिवाळीनंतर ये की. तेव्हा जमीन टणक असते.”

जिथे हा छंद जन्मला त्या टॅमलपायसवरच्याही कितीतरी पायवाटा पुढे सायकलींना बंद झाल्या. जमिनीची धूप आणि चालणाऱ्यांची तक्रार, दोन्ही कारणं होती. आपल्या टेकड्यांवर ती वेळ येऊ नये असं मला मनापासून वाटतं. म्हणून आता जून ते ऑक्टोबर माझी जाड टायरची सायकल भिंतीला टांगलेली असते. ते महिने रस्त्याचे. मुळशीकडे धुकं असतं, डांबर धुतलेलं असतं, वाराही ओला लागतो. दिवाळी झाली, गवत पिवळं पडलं, मुरूम वाळला की टेकडी.

ती रेघ आता गुडघाभर खोल चर झाली आहे. गेल्या महिन्यापासून आम्ही तिघं त्यात आडवे दगड रचतोय, म्हणजे पाणी अडेल आणि गाळ भरेल. पहिल्या पावसाच्या आत वरचे तीस-चाळीस फूट तरी व्हायला हवेत आणि दगड वाहायला माणसं कमी पडतायत. येत्या रविवारी सकाळी सहाला आम्ही टेकडीच्या पायथ्याशी असू. सायकल नसली तरी चालेल, घमेलं असेल तर घेऊन या.